‘बरं आहे’ म्हणून उठून येणाऱ्या आईसाठी

एका मुलीचा प्रश्न आला आहे. तिची आई ६३ वर्षांची, साखर आणि बीपी दोन्ही. घरी दिवसभर सांगत असते की चक्कर येते, पाय जड होतात, रात्री झोप लागत नाही. डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली की मात्र ‘बरं आहे’ एवढंच. बाहेर येऊन चपला घालताना म्हणते, ‘अगं, ते सांगायचं राहिलंच की.’ मुलगी बरोबर असली तर डॉक्टर मुलीशीच बोलतात. प्रश्न विचारले तर डॉक्टरांना राग येईल याची दोघींना धास्ती आहे. आईला आणि मलाही डॉक्टरांशी आत्मविश्वासानं बोलता यावं म्हणून काय करू, असं तिनं विचारलं आहे.

ताई, मी २८ वर्षं तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करते आहे. तुमच्या आई ज्या टेबलापुढे गप्प होतात, त्या टेबलाच्या पलीकडे मी बसते. तिथून काय दिसतं ते सांगते.

आधी ‘बरं आहे’बद्दल. मी डॉक्टर झाले तेव्हा पेशंट बसला की विचारायची, ‘काय, कसं काय?’ आपल्याकडे या प्रश्नाचं एकच उत्तर असतं. दारात आलेल्या पाहुण्यानं विचारलं तरी आपण ‘बरं आहे’ म्हणतो, मग घरात कितीही आजारपण असो. तुमच्या आई डॉक्टरांशी रीतीनं वागतात, एवढंच. हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. आता मी विचारते, ‘आज काय काय सांगायचं ठरवून आलात?’ त्यावर माणसं खरंच बोलू लागतात. पण तुमचे डॉक्टर असं विचारतील याची खात्री नाही. म्हणून उत्तर आपणच तयार ठेवायचं. डॉक्टर ‘कसं काय’ म्हणाले की आईंनी म्हणायचं, ‘आज तीन गोष्टी सांगायच्यात. पहिली चक्कर, दुसरी पाय, तिसरी झोप. चक्कर आधी सांगते.’ या एका वाक्यात फार मोठं काम होतं. आपल्याला किती वेळ लागणार आणि कशावर द्यायचा, हे डॉक्टरांना सुरुवातीलाच कळतं. चक्कर ऐकून झाल्यावर त्यांचा हात चिठ्ठीकडे गेला, तरी अजून दोन गोष्टी बाकी आहेत हे त्यांच्या डोक्यात असतं.

वेळेचं दुखणं खरं आहे, ते मी लपवत नाही. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी अमेरिकेत डॉक्टर-पेशंटची बोलणी तपासली. पेशंटनं बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच तोडलं होतं. त्यातला दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पेशंट ज्या क्रमानं तक्रारी सांगतो, त्या क्रमाचा तक्रारीच्या गांभीर्याशी काही संबंध आढळला नाही. म्हणजे पहिली तक्रार ऐकून डॉक्टरांनी गाडी तिकडे वळवली, तर गंभीर गोष्ट तिसऱ्या नंबरवर पडून राहू शकते. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या ओपीडीत डॉक्टरांना मुद्दाम गप्प बसून ऐकायला सांगितलं. पेशंट सरासरी ९२ सेकंद बोलले आणि आपणहून थांबले. दीड मिनिट! हे वाचल्यापासून मी पहिली दोन मिनिटं पेन हातात घेत नाही. पण आपल्याकडची गर्दी तुम्ही पाहताच. २०१७ साली ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा निघाला होता, त्यात भारतातली भेट दोनेक मिनिटांची होती आणि स्वीडनमधली बावीस मिनिटांच्या वर. सोमवारी आमच्या गावचा बाजार असतो. त्या दिवशी माझ्या दारातही ऐंशी-नव्वद माणसं बसलेली असतात. अशा दिवशी नीट ठरवून आलेला पेशंट स्वतःसाठी चार मिनिटं मिळवतो. न ठरवता आलेला दोन मिनिटांत बाहेर जातो, आणि पायरीवर त्याला सगळं आठवतं.

‘जाता जाता’ हे शब्द मी कधी हलके घेत नाही, त्यामागे एक प्रसंग आहे. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक आजी आल्या. ‘पित्त झालंय’ म्हणाल्या. मी पित्ताच्या गोळ्या लिहिल्या. त्या उठल्या, दाराशी पोचल्या आणि वळून म्हणाल्या, ‘बाई, जाता जाता एक विचारू का? देवळाचा चढ चढताना छाती भरून येते अन् ओट्यावर बसलं की जाते. पित्तानंच होत असंल ना?’ मी त्यांना परत बसवलं आणि ईसीजी काढला. त्या दिवशी त्यांना सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागलं. आजी वाचल्या, पण त्या दारातून तशाच गेल्या असत्या तर, हा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो. चूक माझी होती. ‘पित्त’ हा शब्द मी जसाच्या तसा उचलला आणि पुढे विचारलंच नाही.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या आजींच्या वाक्यात आहे, म्हणून यावर थोडी थांबते. ‘पित्त’, ‘गॅस’, ‘वीकनेस’, ‘चक्कर’, ‘बीपी लो झालं’ हे शब्द आपण तक्रार म्हणून वापरतो, पण ते आधीच काढलेले निष्कर्ष असतात. डॉक्टरांना निष्कर्षाच्या मागचं हवं असतं. चढावर छाती भरते, बसलं की कमी होते, हे आजींचं साधं बोलणं होतं आणि त्यात अख्खं निदान होतं. १९७५ साली इंग्लंडमध्ये ओपीडीतल्या ८० नव्या पेशंटांचा अभ्यास झाला. त्यातल्या ६६ जणांचं शेवटी ठरलेलं निदान फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि पेशंटची हकिगत ऐकूनच झालेलं होतं. तपासण्या नंतर झाल्या. आता मशिनं पुष्कळ आली, तरी कुठलं मशीन लावायचं हे अजून हकिगतच ठरवते. आईंना हे जरूर सांगा. त्या सांगतील ती माहिती जगात दुसऱ्या कोणाकडेही नाही, डॉक्टरकडेही नाही. मला विचाराल तर डॉक्टरांपुढे धीर यायला एवढं पटणं पुरतं. आवाज मोठा असण्याची, इंग्रजी येण्याची गरज नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत सर्वांत नेमकं सांगणाऱ्या एक बाई खुरपणीला जातात. अक्षरओळख नाही, पण कुठलं दुखणं कधी सुरू झालं हे बोटांवर मोजून सांगतात.

आता तुमच्या आईंची चक्कर घेऊ. मराठीत ‘चक्कर’ या एका शब्दात निदान पाच वेगळ्या गोष्टी मावतात, आणि पाचांचे रस्ते वेगळे. अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते: हे बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागाचं असतं. बसलेलं उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते: इथे बीपी उतरतंय का, बीपीचं औषध जास्त होतंय का, रक्त कमी आहे का, हे बघावं लागतं. डोकं ठीक असतं पण चालताना तोल जातो, आणि बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना जास्त जातो: साखर जुनी असेल तर पायांच्या नसांची संवेदना गेली आहे का, ते तपासतात. जेवणाला उशीर झाला की घाम फुटतो, हात थरथरतात, गरगरतं: साखर उतरत असू शकते. आणि अचानक चक्कर येऊन त्याबरोबर तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, हातपाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं यांतलं काही झालं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करून सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं. आईंनी ‘चक्कर येते’ म्हणून थांबायचं नाही. ‘काय करताना येते, त्या वेळी नेमकं काय होतं, किती वेळ टिकते, कशानं जाते’, हे सांगितलं की डॉक्टरांचा अर्धा रस्ता झाला.

‘वीकनेस’चंही तसंच. वीकनेस म्हटलं की बऱ्याच ठिकाणी सलाइनची बाटली लागते, निदान होत नाही. त्याऐवजी कामाच्या मापानं सांगावं. ‘दिवाळीत मी नळावरून दोन हंडे आणत होते, आता एका हंड्याला दोनदा टेकते.’ ‘पूर्वी मंडईतून चालत यायचे, आता रिक्षा लागते.’ हे ऐकलं की मी ताठ होऊन बसते, कारण यात बदल आहे आणि बदलाला तारीख आहे. तारखेचं म्हणाल तर इंग्रजी महिने आठवत नाहीत म्हणून अडू नका. गणपतीत सुरू झालं, संक्रांतीनंतर वाढलं, ऊस तुटून गेला तेव्हापासून, नातीच्या बारशाला पहिल्यांदा, हे सगळं आम्हाला पुरतं. ‘लई दिस झाले’ यानं मात्र काही कळत नाही. दुखण्याच्या जातीला तर आपल्या भाषेत सुरेख शब्द आहेत: ठणका, कळ, चमक, आग, जळजळ, आवळल्यासारखं, टोचल्यासारखं, मुंग्या, बधिरपणा. ते घरी वापरता तसेच तिथेही वापरा. ‘पेन होतंय’ पेक्षा ‘रात्री पोटरीत गोळा येतो’ मला शंभर पटीनं उपयोगी.

जे सांगायला जीभ रेटत नाही, त्याकडे आता येते.

पहिलं, न घेतलेल्या गोळ्या. गोळ्या परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड घेणारे, बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केलेले, शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी चालू केलेले, असे रोज भेटतात. ते बोलत नाहीत, कारण डॉक्टर रागावतील. पण डॉक्टरांना वाटतं की गोळी चालू असूनही बीपी वाढलंय. म्हणून ते आणखी एक गोळी वाढवतात. मग एखाद्या दिवशी घरचे सगळ्या गोळ्या नेमानं देतात, बीपी धाडकन उतरतं आणि माणूस बाथरूममध्ये पडतो. हे मी पाहिलेलं आहे. ‘महिन्याला एवढे पैसे जमत नाहीत, यातलं स्वस्त काही बसेल का?’ हे वाक्य बोलताना मान खाली घालू नका. जेनेरिक औषधं आहेत, जनऔषधी केंद्रं आहेत, सरकारी दवाखान्यात साखर-बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात. पण कुठली गोळी टाळून चालेल आणि कुठली नाही, हे डॉक्टरांना अडचण कळल्याशिवाय ते सांगू शकत नाहीत.

दुसरं, उपवास. तुमच्या आईंना साखर आहे म्हणून हे ठळक सांगते. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्रातले नऊ दिवस. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं आणि पोटात काही नसलं, तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की उलट खूप वर. बायका उपवासाचं सांगत नाहीत, कारण ‘सोडा ते उपवास’ हे उत्तर ऐकायचं नसतं. तसं असेल तर असं म्हणावं: ‘मी चतुर्थी सोडणार नाही. त्या दिवशी गोळी कशी घेऊ?’ असं विचारलं की डॉक्टर त्या दिवसाच्या गोळीचा हिशेब करून देतात, वाद होत नाही.

तिसरं, मिसरी आणि तंबाखू. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिसरी लावणारी बाई सरळ ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी मिसरी दात घासायला असते. पण मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तोंडातली न भरणारी जखम, छातीचं दुखणं, यात ती मोजली जाते. चौथं, पुड्या, काढे आणि भस्मं. आयुर्वेदाचे शिकलेले वैद्य काय देतात ते लिहून देतात, त्यांची चिठ्ठी दाखवा. पण सांधेदुखीवर कुठल्याशा गावाहून आणलेली बिननावाची पुडी दोन दिवसांत जादू करत असेल, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी लागते. ते साखर वाढवतं, आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर अचानक बंद केलं तर जिवावर बेततं. मेडिकलमधून सरळ आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं आणि मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्यांसकट, एका पिशवीत भरून टेबलावर ठेवा. ‘ती पांढरी, बारीक गोळी’ यावरून आम्हाला काहीही कळत नाही.

तुमच्याबद्दल थोडं, ताई. तुम्ही बरोबर गेलात की डॉक्टर तुमच्याशी बोलतात, कारण तुम्ही पटकन, मुद्द्याचं बोलता. गर्दीत आम्हाला तो सोपा रस्ता वाटतो, आणि ते चुकीचं आहे. यावर इलाज तुमच्याच हातात आहे. डॉक्टरांनी तुमच्याकडे पाहून विचारलं की आईंकडे वळा आणि म्हणा, ‘आई, तू सांग, मी राहिलेलं जोडीन.’ आणि मग खरोखर गप्प बसा. आईंचं वाक्य अडखळेल, मध्येच त्या मावशींच्या आजारपणावर जातील, तरी एक मिनिट कळ काढा. तुमचं काम नंतर सुरू होतं. रात्री त्या किती वेळा उठतात, गेल्या महिन्यात पडल्या का, विसरायला लागल्यात का, हे घरच्यांनाच माहीत असतं. डॉक्टर काय सांगतात ते लिहून घेण्याचं कामही तुमचंच. आणि काही वेळा तुम्ही बाहेर थांबणं हेच काम असतं. लघवी सुटणं, अंगावर जाणं, अंग बाहेर येणं, मूळव्याध, मनात येणारे वाईट विचार, घरात कोणाशी न पटणं, हे मुलीपुढे बोलवत नाही, मुलापुढे आणि सुनेपुढे तर नाहीच. ‘मी बाहेर थांबू का?’ असं एकदा विचारून बघा. माझ्याकडे अशी किती तरी दुखणी नातेवाईक बाहेर गेल्यावरच बाहेर आली आहेत. पुरुष डॉक्टर तपासणार असतील आणि अवघडल्यासारखं वाटत असेल, तर सिस्टरांना किंवा घरच्या बाईला जवळ थांबवून घेण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत तो स्पष्ट लिहिलेला आहे.

प्रश्न विचारले की डॉक्टर चिडतात, असं तुम्ही लिहिलंय. काही चिडतात, हे खरं आहे. पण प्रश्नाच्या घडणीनंही फरक पडतो. ‘एवढ्या टेस्ट कशाला?’ यात संशय ऐकू येतो. ‘ही टेस्ट केल्यावर आपलं औषध बदलणार आहे का? की थोडी थांबून केली तरी चालेल?’ यात विचार ऐकू येतो, आणि हाच प्रश्न डॉक्टरनं स्वतःला विचारायला हवा असतो. मोबाइलवर वाचून आलात तर लपवू नका, फक्त निदान म्हणून मांडू नका. ‘मी असं वाचलं आणि तेव्हापासून मला त्याची भीती वाटतेय’ म्हणा. भीती कशाची आहे हे कळलं की डॉक्टर तेवढी भीती काढू शकतो किंवा खरी असेल तर तपासू शकतो. रिपोर्टच्या बाबतीत एक घोटाळा कायम होतो. ‘निगेटिव्ह’ ऐकून माणसं रडवेली होतात, आणि ‘पॉझिटिव्ह’ ऐकून पेढे आणायला निघालेलं एक घर मी पाहिलं आहे. आमच्या भाषेत निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं नाही. म्हणून ‘हे चांगलं की वाईट?’ असं थेट विचारा. आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याचा अर्थ तुम्हाला काही होत नाही असा नसतो. त्या तपासणीत दिसणारं कारण नाही, एवढाच. त्यावर पुढचा प्रश्न: ‘मग त्रास कशानं होत असेल, आणि किती दिवसांत कमी झाला नाही तर परत येऊ?’

उठण्याआधी एक गोष्ट कराच. जे समजलं ते डॉक्टरांना आपल्या शब्दांत ऐकवा. ‘म्हणजे ही गोळी सकाळी जेवणाआधी, ही रात्री, हिला पंधरा दिवस आणि हिला कायम. पायाला सूज आली तर लगेच यायचं. बरोबर ना?’ माझ्याकडे दिवसाला चार-पाच जण असं बोलतात, आणि रोज त्यात एखादी चूक निघते. कधी त्यांच्या ऐकण्यातली, कधी माझ्या लिहिण्यातली. चिठ्ठीवरच्या खुणा एकदा समजून घ्या. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज लागली तरच. एसओएस लिहिलेली दुखण्याची गोळी रोज तीनदा घेऊन मूत्रपिंडं बिघडवून आलेली माणसं मी ॲडमिट केली आहेत. अक्षर लागत नसेल तर तिथेच सांगा. औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या (कॅपिटल) लिपीत लिहावं, असा वैद्यकीय परिषदेचा २०१६ पासूनचा नियमच आहे.

ऑपरेशनचा विषय निघाला तर मात्र घाईत मान हलवायची नाही. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांतल्या कितीतरी तरुण होत्या. बुडणारी मजुरी, फडावर ना संडास ना पाणी, हे सगळं त्यामागे होतंच. पण माझ्याकडे येणाऱ्या अशा बायकांशी बोलताना एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते: ‘पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल, असं म्हणाले.’ अंगावर पांढरं जाण्याची तक्रार पुष्कळदा औषधांनी बरी होते. म्हणून ऑपरेशन सुचवलं की चार प्रश्न, आणि ते ठामपणे: कशासाठी करायचं? दुसरा उपाय काय आहे? आत्ता केलं नाही तर काय होईल? करून काय त्रास होऊ शकतो? संमतीपत्र मराठीत मागा आणि वाचल्याशिवाय सही करू नका. एका तपासणीसाठी दिलेल्या संमतीत दुसरं ऑपरेशन उरकता येत नाही, जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट केलं आहे. आणि अपघात, हार्ट ॲटॅक अशी तातडी नसेल तर दोन दिवस मागून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ‘सर, मोठा निर्णय आहे, घरच्यांचं समाधान व्हावं म्हणून एकदा दुसरीकडे दाखवून येतो, कागद द्याल का?’ असं सांगून जा, लपून नको. माझे पेशंट असं विचारतात तेव्हा मी स्वतः फाइल तयार करून देते. ॲडमिट असलेल्या पेशंटच्या केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवी, असा २००२ पासून नियम आहे. खर्चाची चिंता असेल तर दवाखान्यातले वैद्यकीय समाजसेवक किंवा महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र यांना ऑपरेशन ठरायच्या आधी भेटा. नंतर गेलात तर त्यांचेही हात बांधलेले असतात.

एखादा डॉक्टर खेकसलाच, तर एकदा शांतपणे म्हणा, ‘मला समजलं नाही म्हणून विचारते, नाहीतर घरी गोळी चुकेल.’ बहुतेक जण यावर नरमतात. तरीही दर वेळी तसंच होत असेल तर डॉक्टर बदला. जिथे तुमच्या आई तोंड उघडू शकत नाहीत, तिथे त्यांची साखर कधीच आटोक्यात येणार नाही.

पुढची तारीख केव्हाची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण त्याआधी एखाद्या संध्याकाळी आईंजवळ भाजी निवडत बसा आणि विचारा, ‘चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं गं?’ त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीच्या पानावर लिहा, सुधारू नका. साखर सकाळच्या उपाशीपोटाची आणि जेवणानंतरची, दोन्ही आकडे तारखेसह खाली लिहा. पान आईंच्या हातात द्या, त्यांना वाचता येत नसेल तरीही. हातात कागद असला की माणूस ‘बरं आहे’ म्हणून उठत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि डॉक्टरांना एक विनंती करा: ‘आईला बसवून आणि मग उभं करून, असं दोन्ही वेळा बीपी मोजाल का?’ साखर, बीपीच्या गोळ्या आणि चक्कर हे तिन्ही एकत्र असताना मी सर्वांत आधी हेच करते. एवढ्या गर्दीतही त्याला तीन-चार मिनिटंच लागतात.